जुना व्हीसीआर दुरुस्त करताना: कंडेन्सर, रबर आणि झिजलेले यांत्रिक भाग

कोल्हापुरात आज माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढणाऱ्या माणसाला बहुधा व्हीसीआर नको असतो, कॅसेट पाहायची असते. आईवडिलांचे लग्न, खासबागेतली एखादी कुस्ती, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना किंवा पेठेतली गणपतीची मिरवणूक अशा एखाद्या चित्रणाची ती एकुलती एक प्रत असते आणि ती वाचणारे यंत्र मात्र बटण दाबल्यावर दिवासुद्धा लावत नाही. अशा कॅसेटची व्हीएचएस पद्धत १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि शेवटच्या काळापर्यंत असे डेक, म्हणजे व्हीसीआर, बनवत राहिलेल्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे नवा डेक विकत घेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. जुनाच डेक दुरुस्त करावा लागतो. पुढे दिलेला कामाचा क्रम एकाच कसोटीवर लावलेला आहे, ती म्हणजे कोणत्याही टप्प्यावर कॅसेटला इजा होता कामा नये. यंत्र बिघडले तर दुसरे शोधता येते. चुरगळलेली टेप मात्र पूर्ववत होत नाही.

हे मार्गदर्शन मल्टिमीटर वापरता येणाऱ्या आणि सोल्डरिंगचा हात बसलेल्या वाचकांसाठी आहे. ज्यांनी आजवर विजेवरचे कोणतेच उपकरण उघडलेले नाही, त्यांनी यांत्रिक भागांची साफसफाई जरूर करावी, पण पॉवर सप्लायचे काम जाणकाराच्या हाती द्यावे.

वीज देण्यापूर्वी

पंधरा-वीस वर्षे बंद असलेला डेक "चालतो का बघू" म्हणून थेट प्लगला लावू नये. सुकलेल्या कंडेन्सरमुळे पॉवर सप्लाय नुसताच बंद राहिला तर फारसे बिघडत नाही. पण नियंत्रणाच्या बाजूचा एखादा छोटा कंडेन्सर निकामी झालेला असेल तर पुढच्या सर्किटला ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज जाऊ शकते आणि ज्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत असे आयसी त्यात जळतात. म्हणून आधी झाकण उघडून आतली पाहणी करावी. आपल्याकडच्या घरांत आत झुरळांची अंडी, मुंग्यांचे वारूळ किंवा पालीचा सांगाडा सापडणे हे काही नवल नाही. हा कचरा मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने काढावा, मात्र हवेचा झोत हेडच्या ड्रमवर, म्हणजे टेप वाचणारी नाजूक टोके बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, कधीही सोडू नये. मागच्या पट्टीवरचे व्होल्टेजही वाचावे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले काही डेक फक्त १०० किंवा १२० व्होल्टवर चालणारे असतात आणि त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

झाकणाचे आणि आतले स्क्रू जपानी जेआयएस प्रकारचे असतात. दुकानात सर्रास मिळणारा फुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि जोर लावला की खाच उडते. जेआयएस मापाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर घेणे हा या कामातला सर्वांत स्वस्त शहाणपणा आहे.

स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचे रूपांतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसीमध्ये होते आणि मुख्य कंडेन्सर हा भार प्लग काढल्यावरही काही काळ धरून ठेवतो. प्लग काढून, १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून त्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर काही सेकंद धरावा आणि नंतर मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून भार उतरवण्याची कारागिरांची सवय अनुकरणीय नाही. तिच्यामुळे कंडेन्सरही खराब होतो आणि जवळचा बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅकही उडतो.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब वापरावा. डेकच्या वायरीशी मालिकेत ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब असला, तर निरोगी डेकवर तो क्षणभर लखलखतो आणि मंद होतो. बल्ब पूर्ण प्रकाशाने जळतच राहिला तर मुख्य बाजूला शॉर्ट आहे असे समजून वीज लगेच बंद करावी. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. सिरीज बल्ब यंत्राचे रक्षण करतो, माणसाचे नाही, हे लक्षात ठेवून पॉवर सप्लायची मुख्य बाजू चालू स्थितीत हाताळू नये.

कंडेन्सर

अॅल्युमिनियमच्या डबीतला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हा डेकमधला सर्वांत अल्पायुषी विद्युत भाग असतो. त्यातला द्रव हळूहळू सुकतो, अंतर्गत रोध वाढतो आणि क्षमता घटते. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. पॉवर सप्लायमधल्या हीटसिंकला खेटून बसवलेला लहानसा कंडेन्सर म्हणूनच आधी जातो. तो दिसायला अगदी ठणठणीत असू शकतो. फुगलेला माथा ही उपयुक्त खूण आहे, पण माथा सपाट असल्याने काहीच सिद्ध होत नाही.

लक्षणांवरून बराच अंदाज बांधता येतो. डेक पूर्ण मृत असेल किंवा आतून ठरावीक अंतराने टिक-टिक आवाज येत असेल, तर पॉवर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा बंद पडत आहे. सकाळी थंड असताना डेक सुरू होत नाही आणि तासभर प्लगला लावून ठेवल्यावर मात्र चालतो, ही तर सुकलेल्या कंडेन्सरची जवळजवळ सहीच समजावी. चित्रावर तिरप्या रेघांची जाळी येणे किंवा आडवे पट्टे वरखाली सरकणे, घड्याळाचा निळसर-हिरवा डिस्प्ले मंद होणे, मोटार सुरू होताना डेक स्वतःहून बंद पडणे या तक्रारींचे मूळही बहुधा फिल्टर कंडेन्सरमध्ये सापडते. त्या डिस्प्लेला ऋण ३० व्होल्टच्या आसपासचा वेगळा पुरवठा लागतो, त्यामुळे एवढाच एक कंडेन्सर गेला तर बाकी डेक नीट चालतो आणि फक्त घड्याळ अंधुक होते.

सगळेच कंडेन्सर सरसकट बदलावेत का, याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. माझे मत असे आहे की पॉवर सप्लायमधले सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदाच बदलावेत, कारण तिथे त्यांची संख्या थोडी असते आणि एकाच उष्णतेत सगळेच म्हातारे झालेले असतात. मुख्य बोर्डावर मात्र पुराव्याशिवाय हात घालू नये. तिथे ऐंशी-नव्वद कंडेन्सर बदलताना एखादा उलटा बसण्याची, एखादा ट्रॅक उखडण्याची शक्यता जुन्या कंडेन्सरच्या बिघाडापेक्षा मोठी असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) डेकमध्ये आणि कॅमकॉर्डरमध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे चंदेरी कंडेन्सर असतात. त्यांच्या बुडातून द्रव झिरपतो आणि खालचे तांबे खातो. सोल्डरिंगची तापलेली अणी लावताच मासळीसारखा उग्र वास आला, तर गळती झाली आहे याबद्दल शंका उरत नाही. पॅनासॉनिकचा एजी-१९८० हा डेक या दुखण्यासाठी जगभरच्या कारागिरांना परिचित आहे. अशा बोर्डावरचे हे कंडेन्सर सगळेच बदलावे लागतात आणि प्रत्येकाखालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, तपासून, मगच नवा कंडेन्सर बसवावा लागतो. तपासणीसाठी गुजरीतले सराफ वापरतात तशी दहापट भिंग असलेली काच पुरेशी होते.

बदली कंडेन्सर निवडताना क्षमता तीच ठेवावी, व्होल्टेज तेवढेच किंवा एक पायरी जास्त चालते आणि तापमानाची मर्यादा १०५ अंशांचीच घ्यावी. दुकानात नुसते मूल्य सांगितले की ८५ अंशांचा माल पुढे येतो, म्हणून १०५ अंश आणि स्विचिंग सप्लायसाठी लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) हे दोन्ही स्पष्ट सांगून मागावे. व्यास आणि उंची आधी मोजून न्यावी, कारण जुन्या बोर्डावर जागा नेमकी असते. ज्यावर ध्रुवाची पट्टी नाही असा बायपोलर कंडेन्सर दिसला तर त्याच्या जागी बायपोलरच हवा. वर्षानुवर्षे दुकानाच्या खणात पडून राहिलेला माल "नवा" म्हणून घेऊ नये. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर न वापरताही म्हातारा होतो.

काढताना घाई करू नये. या काळातले बरेच बोर्ड तपकिरी रंगाचे, एकाच बाजूला तांबे असलेले असतात आणि त्यांवरचे तांबे जास्त उष्णतेने सहज सुटते. अणी ३३० ते ३५० अंशांवर ठेवून आधी जुन्या जोडावर थोडे ताजे सोल्डर घालावे, मग पंपाने ओढून घ्यावे. पाय बाजूला हलकेच हलवून तो मोकळा झाल्याचे पाहावे आणि नंतरच कंडेन्सर उचलावा. एका वेळी एकच काढून एकच बसवावा, म्हणजे धन-ऋणाचा घोळ होत नाही. बोर्डावर छापलेली खूण आणि जुन्या कंडेन्सरची दिशा यांत फरक दिसला तर छापील खुणेवर विसंबू नये. जुना ज्या दिशेने बसला होता ती दिशा टिपून ट्रॅक तपासावा. मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी कारखान्यात लावलेला पिवळा डिंक असतो. तो वयानुसार तपकिरी होतो, ओलावा धरतो, हळूहळू वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो, म्हणून तो लाकडी काडीने खरवडून काढावा.

काम झाल्यावर पुन्हा सिरीज बल्ब लावून सप्लायच्या कनेक्टरजवळ छापलेली ५ आणि १२ व्होल्टसारखी मूल्ये मीटरवर ताडून पाहावीत. ती पाच टक्क्यांच्या आत जुळत असतील तरच पुढे जावे.

आत अडकलेली कॅसेट

अनेक डेक कॅसेट पोटात घेऊनच दुरुस्तीला येतात आणि घरच्या मंडळींनी तोवर ती ओढून पाहिलेली असते. प्लग काढून, झाकण उघडून, आधी टेपचा वेढा ड्रमभोवती आहे का ते पाहावे. असेल, तर लोडिंग मोटारची पुली किंवा तिच्या दांड्यावरचा मळसूत्री गिअर बोटाने सावकाश फिरवत राहावे. योग्य दिशेला फिरवल्यावर ड्रमच्या दोन्ही बाजूंचे गाइड पोस्ट, म्हणजे टेपला ड्रमभोवती नेणारे खांब, मागे कॅसेटकडे सरकू लागतात. ते पूर्ण मागे येईपर्यंत सुटलेली टेप रीळ हाताने फिरवून कॅसेटमध्ये ओढून घेत राहावे, कारण सैल टेप बाहेर असताना कॅसेट वर आली तर तिच्या झाकणात टेप चिमटते. त्यानंतर तीच पुली आणखी फिरवल्यावर बहुतेक डेकमध्ये कॅसेटचा पाळणा वर येतो. टेप कुठे चिकटलेली दिसली तर कात्रीला हात लावण्यापूर्वी त्या जागी अल्कोहोलचा थेंब सोडून दहा मिनिटे थांबावे.

रबर

डेकच्या यांत्रिक तक्रारींतला मोठा वाटा रबराचा असतो आणि त्यातही आयडलर या एका चाकाचा. हे छोटे चाक दोन रीळांच्या मधोमध एका झुलत्या पट्टीवर बसलेले असते. प्ले करताना ते उजव्या रीळाला टेकून टेप गुंडाळते आणि रिवाइंड करताना डावीकडे झुकते. त्याच्या कडेवरचा रबरी टायर कडक आणि गुळगुळीत झाला की तो रीळावर घसरतो, उजवे रीळ फिरत नाही, आणि कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा फिरता दांडा, मात्र टेप पुढे ढकलतच राहतो. अशा वेळी टेपचे भेंडोळे यंत्राच्या पोटात जमा होते, ज्याला आपण "डेकने कॅसेट खाल्ली" असे म्हणतो. रीळ फिरत नसल्याचे सेन्सरला कळले की डेक काही सेकंदांत स्वतःच थांबतो. म्हणून "प्ले होते आणि लगेच बंद पडते" ही तक्रार आली की मुख्य बोर्डाकडे वळण्याआधी आयडलर पाहावा.

हे कॅसेटशिवाय तपासता येते. जुन्या निरुपयोगी कॅसेटचे दोन्ही तुकडे उघडून आतली टेप आणि रीळे काढून टाकावीत, मधला भाग कापून खिडकी करावी आणि ही रिकामी खोकी डेकमध्ये घालावी. टेपचे टोक ओळखण्यासाठी डेकच्या मध्यभागी एक इन्फ्रारेड दिवा आणि दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर असतो. टेप नसल्याने प्रकाश थेट पोहोचतो आणि डेकला टेप संपली असे वाटते, त्यामुळे दोन्ही सेन्सरवर काळी इन्सुलेशन टेप लावावी. झाकण उघडे असताना ट्यूबलाइटचा किंवा खिडकीतल्या उन्हाचा प्रकाशही याच सेन्सरना फसवतो आणि कारागीर उगाच बोर्डात दोष शोधत बसतो. आता प्ले दाबून उजव्या रीळाला बोटाने हलकेच अडवावे. रीळ बोटाला सौम्य पण सलग विरोध करत राहिले पाहिजे. बोट टेकताच ते थांबले आणि आयडलर जागेवरच गरगरत राहिला, तर टायर गेला.

टायर काढताना दांड्यावरचे चीर असलेले बारीक प्लास्टिक वॉशर उडून हरवते, म्हणून त्यावर बोट ठेवूनच ते सोडवावे. तात्पुरता इलाज म्हणून टायर आतून बाहेर उलटा करून घालता येतो. आतली बाजू कमी झिजलेली असल्याने काही दिवस पकड मिळते. नवा टायर मिळत नसेल तर शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्या दुकानांतून योग्य मापाची नायट्राइल ओ-रिंग घेऊन काम भागते. व्हर्नियरने चाकाच्या खाचेचा व्यास आणि जुन्या टायरचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा. ओ-रिंगची कड गोल असल्याने ती रीळाला कमी जागेवर टेकते, तेव्हा ती किंचित ताणून घट्ट बसवावी. उद्यमनगरातले लेथवाले कारागीर पितळी बुश किंवा पुली नमुना पाहून उत्तम करून देतात आणि झिजलेल्या भागांसाठी त्यांची मदत जरूर घ्यावी, पण पिंच रोलरचे रबर लेथवर घासून "नवे" करण्याचा मोह टाळावा. हा रोलर कॅपस्टनच्या दांड्यावर टेप दाबून तिला सेकंदाला २३.३९ मिलिमीटर या वेगाने पुढे नेतो. त्यात किंचितही निमुळतेपणा आला तर टेप वर किंवा खाली चढते आणि तिची कड दुमडते. चकाकणारा, चिरा पडलेला किंवा मधे खोलगट झालेला पिंच रोलर बदलावाच लागतो. नुसता मळलेला असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसून कोरडा करावा. रबरावर अल्कोहोल वारंवार वापरल्यास ते आणखी कडक होते, आणि थिनर तर रबराच्या आसपासही आणू नये.

बेल्ट दोन प्रकारे खराब होतात. काही सैल पडतात, तर काही वितळून काकवीसारखे चिकट होतात आणि पुलीच्या खाचेत, गिअरच्या दात्यांत, कपड्यांवर सगळीकडे लागतात. चिकट बेल्ट हातमोजे घालून काढावा आणि पुली अल्कोहोलने पूर्ण स्वच्छ होईपर्यंत पुसावी. किंचित थर राहिला तरी नवा बेल्ट घसरतो. नव्या बेल्टचे माप घेण्यासाठी पुलींभोवतून दोरा फिरवून त्याची लांबी मोजावी आणि त्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी घेराचा बेल्ट घ्यावा. फार घट्ट बेल्ट मोटारचे बेअरिंग खातो.

डाव्या रीळाभोवती वळलेली टेन्शनची पट्टी आणि तिच्यावरचे नमद्याचे अस्तर यांच्याकडेही पाहावे. अस्तर सुटले की टेपचा ताण बदलतो आणि चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वळतो. सुटलेले अस्तर पातळ गोंदाने पुन्हा चिकटवता येते.

मोड स्विच आणि आवळलेले ग्रीस

रबर ठीक असूनही डेक कॅसेट घेतो आणि लगेच परत बाहेर ढकलतो, किंवा प्ले दाबल्यावर रिवाइंड करतो, किंवा गाइड पोस्ट अर्ध्या वाटेत थांबवून बंद पडतो, तेव्हा संशय मोड स्विचवर घ्यावा. यंत्रणा सध्या कोणत्या स्थितीत आहे हे मुख्य आयसीला सांगणारा हा एक चपटा फिरता स्विच असतो. तो गिअरला जोडलेला असल्याने त्याची जागा एका दात्याने चुकली तरी सगळी यंत्रणा वेळेआधी किंवा वेळेनंतर हलते आणि प्लास्टिकचे दाते तुटतात. म्हणून काढण्यापूर्वी डेक कॅसेट बाहेर काढलेल्या स्थितीत आणावा, मोबाइलने जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि गिअरवर कारखान्याने ठेवलेली छिद्रे किंवा बाण कोणत्या खुणेसमोर आहेत ते नोंदवावे. खुणा दिसत नसतील तर बारीक मार्करने दोन्ही गिअरवर स्वतःची खूण करावी.

स्विच उघडल्यावर आत पितळी गोल पट्ट्या आणि त्यांवरून घासणारी तीन-चार लवचिक बोटे दिसतात. त्यांवरचे जुने ग्रीस काळे पडून डांबरट झालेले असते. ते अल्कोहोल आणि कापडाने काढावे, पट्ट्यांवरचा काळा डाग पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच उतरवावा, बोटे वाकवू नयेत, आणि शेवटी कॉन्टॅक्ट ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. स्विच न उघडता बाजूच्या फटीतून स्प्रे मारण्याचा उपाय काही महिने टिकतो. सोडवायला अवघड जागी असेल तर तेवढ्यावर भागवावे, एरवी उघडूनच साफ करावा.

लोडिंगच्या गिअरवरचे आणि गाइड पोस्टच्या खाचांतले पिवळे ग्रीसही याच वयात घट्ट होते. जुन्या थरावर नवे ग्रीस थापू नये. ते पूर्ण पुसून, प्लास्टिकला चालणारे सिंथेटिक ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे घेऊन लावावे. कॅपस्टनच्या खालच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. गंज सोडवणारे स्प्रे इथे निरुपयोगी आहेत, शिवाय ते उडून रबरावर बसतात.

हेड

पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या व्हीएचएस डेकमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या कडेला बसवलेली हेड टेपवरचे ४९ मायक्रॉन रुंदीचे तिरपे पट्टे वाचतात. हेडचे टोक नखापेक्षाही ठिसूळ असते. साफ करण्यासाठी छपाईच्या साध्या गुळगुळीत कागदाची घडी करून ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करावी, ड्रमच्या कडेला स्थिर धरावी आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून पकडून सावकाश गोल फिरवावा. हात स्थिर राहिला पाहिजे आणि ड्रम फिरला पाहिजे. कागद वरखाली हलवला तर हेड तुटते. कानकोरणीचा कापूस वापरू नये, त्याचे तंतू हेडच्या कडेत अडकतात. कागदावर तपकिरी रेघ येणे थांबेपर्यंत घडी बदलत राहावे आणि नंतर ड्रम पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या ड्रमला टेप चिकटते. उजवीकडचे आवाजाचे व कंट्रोलचे स्थिर हेड, जुने रेकॉर्डिंग पूर्ण पुसणारे हेड आणि कॅपस्टनचा दांडा यांना मात्र कापसाची काडी चालते.

गाइड पोस्टच्या डोक्यावरचे स्क्रू, आवाजाच्या हेडचे स्क्रू आणि ड्रमचे स्क्रू या तिन्हींना हात लावू नये, अशी माझी ठाम सूचना आहे. कारखान्यात ते अलाइनमेंट टेप (जुळणीसाठीची प्रमाणित टेप) आणि ऑसिलोस्कोप लावून जुळवलेले असतात आणि आपोआप सहसा सरकत नाहीत. चित्राच्या वरच्या भागात गोंगाटाचा पट्टा स्थिर दिसत असेल तर दोष डाव्या पोस्टकडे आणि खालच्या भागात दिसत असेल तर उजव्या पोस्टकडे असतो. पण तिथेही आधी पोस्ट त्याच्या खोबणीत पूर्ण टेकतो की जुन्या ग्रीसमुळे केसभर आधीच थांबतो, हे पाहावे. बहुतेक वेळा दुरुस्ती तिथेच संपते. स्क्रू फिरवण्यावाचून गत्यंतर नसेलच तर आधी त्याच्या स्थितीची मार्करने खूण करावी आणि एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांइतकाच फिरवावा.

पावसाळा आणि बुरशी

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दुरुस्त झालेला डेकही अचानक काम नाकारतो. अनेक डेकमध्ये ड्रमजवळ दव ओळखणारा सेन्सर असतो आणि ओलावा जाणवला की तो सगळी यंत्रणा रोखून धरतो. हा बिघाड नाही. डेक कॅसेट न घालता तास-दोन तास चालू ठेवावा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने ड्रम कोरडा होतो.

त्याहून गंभीर प्रश्न बुरशीचा आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या घरांतून अशा कॅसेट अजूनही निघतात, आणि त्यांत बुरशीबरोबर नदीचा गाळही असतो. या कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, हाताळताना मास्क वापरावा आणि त्यांच्यासाठी एखादा दुय्यम डेक राखून ठेवावा.

चाचणी

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा घालायची ती टाकाऊ कॅसेट. ती प्ले, फॉरवर्ड, रिवाइंड, पॉज आणि इजेक्ट या प्रत्येक क्रियेतून दोन-तीनदा न्यावी आणि नंतर तिचे झाकण उचलून टेपच्या दोन्ही कडा उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात. कडेला लाटा किंवा दुमड दिसली तर पिंच रोलर किंवा गाइड अजून नीट नाही. कडा सरळ असतील तर बाजारात विकली गेलेली एखादी छापील चित्रपटाची कॅसेट लावावी, कारण तिचे रेकॉर्डिंग प्रमाणित यंत्रावर झालेले असते आणि तिच्यावर चित्र-आवाज नीट आला तर डेकची जुळणी बरोबर आहे असे मानता येते. घरची कॅसेट त्यानंतरच घालावी. तीही आधी एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटलेले वेढे मोकळे होतात, आणि पहिल्या प्लेलाच संगणकावर रेकॉर्डिंग सुरू ठेवावे. मधेच चित्र बर्फाळ, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले, झाले तर ताबडतोब थांबवून हेड पुसावे आणि त्याच जागेपासून पुढे जावे.

हेड स्वच्छ असूनही छापील कॅसेटचे चित्र सर्वत्र बर्फाळच राहिले आणि हेडला टेपवरच्या पट्ट्यांशी जुळवणारे ट्रॅकिंगचे बटण फिरवून फरक पडला नाही, तर हेड झिजले आहे. नवा ड्रम मिळण्याची आशा फारशी धरू नये. त्याच जातीचा दुसरा बंद डेक भंगारातून घेऊन त्याचा ड्रम बसवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. असा डेक निवडताना तो चालू होतो की नाही याला महत्त्व देऊ नये. पॉवर सप्लायमुळे मृत पडलेल्या डेकचा ड्रम बहुधा कमी चाललेला असतो, तर लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या दुकानात शेवटपर्यंत राबलेल्या चालू डेकचा ड्रम संपत आलेला असतो.